खांब हलला की जमीन? भूहालचाल मोजणाऱ्या नवोदितांसाठी

जीएनएसएसचा (उपग्रहांवरून स्थान मोजणाऱ्या प्रणालीचा) अँटेना, टिल्टमीटर (जमिनीचा कल मोजणारा), स्ट्रेनमीटर (जमिनीचे ताणणे-आकसणे मोजणारा) किंवा लेव्हलिंगचा, म्हणजे उंचीतले फरक मोजण्याचा, साधा बेंचमार्क (खुणेचा पक्का बिंदू), यांतले काहीही बसवा. नोंद होते ती उपकरणाने ज्याला धरून ठेवले आहे त्या थोड्याशा दगडमातीची. ही दगडमाती खालच्या अखंड खडकाशी एकजीव असेल तर प्रश्नच नाही. पण बहुतेक ठिकाणी दोघांच्या मध्ये काही मीटर ते काही दशमीटर जाडीचा विदारण झालेला (हवापाण्याने कुजून सैल झालेला) थर असतो: वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक. हा थर ऊन, पाऊस, थंडी आणि उतार यांना आपापल्या परीने प्रतिसाद देत राहतो. त्याची वर्षभरातली हालचाल मिलिमीटरच्या काही दशांशांपासून काही मिलिमीटरपर्यंत सहज जाते, आणि आपण शोधत असलेली हालचालही अनेकदा तेवढीच असते.

यातली बरीचशी चूक नंतर गणिताने काढता येत नाही. ती जागा निवडताना आणि पाया घेतानाच टाळावी लागते. म्हणून खालच्या पायऱ्यांत आकडेमोडीपेक्षा हातोडा, बोअर (जमिनीत पाडलेले खोल छिद्र) आणि ग्राउट (त्यात भरायचे सिमेंट-पाण्याचे मिश्रण) यांना जास्त जागा दिली आहे.

१. किती बारीक मोजायचे आहे ते आधी ठरवा

वर्षाला ५० मिमी सरकणारी दरड मोजायची असेल तर विदारित थर अडचण नसून तोच अभ्यासाचा विषय आहे. तिथे मीटरभर खोल काँक्रीटचा खांब पुरतो. भ्रंशाच्या (ज्या भेगेवर खडकाचे भाग एकमेकांजवळून सरकतात तिच्या) दोन बाजूंमधला वर्षाला १ मिमीचा फरक शोधायचा असेल तर मात्र खोल पायाशिवाय सुरुवात करू नका.

टिल्टमीटर आणि स्ट्रेनमीटर यांच्या बाबतीत तर आकडेच बोलतात. एक मीटर रुंदीच्या पायाच्या एका बाजूखालची माती फक्त १ मायक्रोमीटर फुगली की कल १ मायक्रोरेडियनने बदलतो. चंद्र-सूर्यामुळे घन पृथ्वीला येणारी भरती साधारण ०.१ मायक्रोरेडियन कल देते. म्हणजे डोळ्याला न दिसणारी ती फुगवण भरतीच्या खुणेला दहापटीने झाकते.

लांब उपकरण घेतले तरी सुटका नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पिन्यॉन फ्लॅट वेधशाळेत ७३२ मीटर लांबीचे लेझर स्ट्रेनमीटर विदारण झालेल्या ग्रॅनाइटवर आहेत. एवढ्या लांबीवर टोकाचा एक खांब वर्षात ०.१ मिमी सरकला तर सुमारे १.४ × १०⁻⁷ इतकी विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात लांबीतला बदल) दिसते, आणि सक्रिय पट्ट्यातली खरी वार्षिक विकृतीही याच पातळीची असते. म्हणून तिथे टोकाच्या खांबांची हालचाल सुमारे २५ मीटर खोलीवरच्या बिंदूंच्या संदर्भात लेझरनेच मोजून वजा करतात. या व्यवस्थेला ऑप्टिकल अँकर म्हणतात.

२. हातोडा घेऊन जागा पाहा

आधी जवळपासचा रस्त्याचा छेद, नाल्याचा काठ, विहीर किंवा खाण शोधा. वरून सपाट दिसणाऱ्या जमिनीखाली काय आहे ते उभ्या छेदात एका नजरेत कळते. मग खडकाची प्रत ठरवा. शैलयांत्रिकीत विदारणाच्या सहा प्रती मानतात: पहिली ताजा खडक, सहावी संपूर्ण माती झालेली. कामापुरती ओळख अशी. ताज्या खडकावर भूगर्भतज्ज्ञाचा हातोडा मारला की तो खणखणतो आणि हातोडा उसळतो. तिसऱ्या प्रतीत आवाज बसका येतो, भेगांच्या कडा तांबूस-पिवळ्या पडलेल्या असतात, पण हाताएवढा तुकडा बोटांनी मोडत नाही. चौथ्या प्रतीपासून तुकडा हाताने मोडतो. पाचवीत खडकाची ठेवण, भेगा, स्फटिक सगळे जागेवर दिसते, पण टोकदार हातोडा आत रुततो. पाया पहिल्या किंवा दुसऱ्या प्रतीत घ्या. नाइलाजाने तिसरी चालवा. चौथीत घेतलेल्या बिंदूला खडकावरचा बिंदू म्हणू नका.

सर्वांत जास्त फसवतो तो गोटा. ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट दोन्ही भेगांच्या कडेने आत कुजत जातात. चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे झिजून मध्ये ताज्या खडकाचे गोल गाभे उरतात आणि त्यांच्याभोवती मुरूम असतो. असा दोन-तीन मीटरचा गोटा जमिनीतून डोके वर काढून बसला की हुबेहूब खडकाच्या उघड्या भागासारखा दिसतो. हातोडाही त्यावर खणखणतो. त्यात रोवलेला बिंदू उत्तम दिसेल, पण तो गोटा मुरमात तरंगत असतो. उघड्या भागातल्या भेगांची दिशा शेजारच्या उघड्या भागांशी जुळते का ते कंपासने पाहा. जुळत नसेल तर तो गोटा फिरलेला आहे.

याशिवाय चार गोष्टी टाळा. उताराची कड टाळा, कारण विदारित थर उतारावर सतत, अगदी हळू, खाली सरकतो. भरावाची जमीन टाळा. झाडापासून त्याच्या उंचीएवढे तरी अंतर ठेवा, कारण मुळे चिकणमातीतले पाणी ओढून तिला आकसवतात. चुनखडीत विरघळून झालेल्या पोकळ्या असतात, म्हणून तिथे एका बोअरवर कधी विसंबू नका.

मातीचा प्रकारही तपासा. बेसॉल्टच्या विदारणातून मॉन्टमोरिलोनाइट गटातली चिकणमाती तयार होते. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना खोल भेगा पाडते. ग्रॅनाइटमध्ये बायोटाइट हा काळा अभ्रक पाण्याने बदलताना फुगतो आणि आसपासचे स्फटिक सैल करतो. फेल्डस्पारची चिकणमाती होते. कोरड्या दिवसांत जमिनीला बोट जाईल एवढ्या रुंद भेगा पडत असतील तर त्या मातीला पायाने अजिबात धरायचे नाही, हे तिथेच ठरवून टाका.

३. विदारणाची खोली मोजा

बोअर घेण्यापूर्वी हातोड्याचे रिफ्रॅक्शन सर्वेक्षण करा, म्हणजे ठोक्याने उठलेल्या लहरी खालच्या थरांतून वळून किती वेळात पोहोचतात ते मोजा. २४ जिओफोन (जमिनीचे कंप टिपणारे संवेदक) २-२ मीटरवर लावले की ४६ मीटरची रेषा होते. तिच्यावरून साधारण १० मीटर खोलीपर्यंतचे चित्र मिळते. धातूच्या पाट्यावर घण मारायचा, दोन्ही टोकांना आणि मध्यावर, प्रत्येक ठिकाणी पाच ते दहा ठोक्यांची बेरीज घ्यायची. पी-लहरींचा (जमिनीतून सर्वांत आधी पोहोचणाऱ्या कंपलहरींचा) वेग सेकंदाला ७०० मीटरच्या खाली असेल तर माती किंवा पूर्ण कुजलेला भाग, ७०० ते २००० दरम्यान मुरूम आणि सैल खडक, आणि ३५०० च्या वर गेला की भरवशाचा खडक असे ढोबळपणे धरा.

इथे दोन सापळे आहेत. पाण्याने भरलेल्या मातीतही वेग सेकंदाला १५०० मीटरच्या आसपास येतो. म्हणून भूजलाची पातळी माहीत नसताना या आकड्याला मुरूम समजू नका. दुसरा सापळा मोठा आहे. कठीण थराखाली मऊ थर असेल तर रिफ्रॅक्शनला तो दिसतच नाही, आणि गोट्याखालचा मुरूम नेमका असाच असतो.

त्यासाठी बोअरच हवा. शक्य असेल तर कोअर (बोअरमधून निघणारा खडकाचा दंडगोल) काढा आणि पेटीत खोलीनुसार लावून ठेवा. सलग ३ मीटर ताजा कोअर मिळाल्याशिवाय ‘खडक लागला’ असे लिहू नका. दीड मीटर सुंदर कोअर आणि त्याखाली अचानक भुगा, अशी पेटी दिसली तर तुम्ही गोटा छेदला आहे. तांबूस डाग पडलेली प्रत्येक भेग टिपून ठेवा. त्या भेगेतून पाणी फिरते, म्हणजे त्या खोलीपर्यंत पावसाचा परिणाम पोहोचतो.

४. पाया खोल घ्या आणि वरच्या थरापासून सोडवा

किती खोल जायचे याला तापमान एक चांगला हिशेब देते. खडकात वार्षिक तापमानलाट सुमारे ३.२ मीटरवर ३७ टक्क्यांपर्यंत उतरते, दैनंदिन लाट फक्त १७ सेंटिमीटरवर. १० मीटरवर वार्षिक लाटेचे जेमतेम ४ टक्के उरतात, आणि ती पृष्ठभागाच्या अर्धे वर्ष मागे असते. उष्णतेपुरते पाहिले तर १० मीटर ही भरपूर खोली आहे. पाण्यासाठी मात्र असा नियम नाही. ते भेगेतून वाट मिळेल तिथवर जाते, म्हणून खोली ठरवताना कोअरमधल्या डागाळलेल्या भेगांचा शब्द शेवटचा.

उच्च अचूकतेच्या जीएनएसएस केंद्रांसाठी रूढ झालेली रचना म्हणजे खोल बोअरचा तिवईसारखा सांगाडा: एक उभा आणि चार तिरपे पोलादी पाय, साधारण १० मीटर खोलीवर ग्राउटने रोवलेले आणि वर एका ठिकाणी वेल्ड केलेले. तिरपे पाय आडवी हालचाल अडवतात. एकटा उभा पाइप कितीही खोल घेतला तरी वरच्या टोकाला तो बाजूला वाकू शकतो.

या रचनेचा जीव तिच्या मोकळ्या भागात आहे. वरचे ४ ते ५ मीटर बोअर मोठ्या व्यासाचा पाडतात आणि त्यात पीव्हीसी केसिंग (बाहेरचा संरक्षक पाइप) बसवतात. पाय या केसिंगच्या मधोमध, कुठेही न टेकता जातो. मधली फट रिकामी किंवा मऊ फोमने भरलेली असते. माती फुगली, आकसली, उताराकडे सरकली तरी ती केसिंगला ढकलते, पायाला नाही.

इथेच बरीच केंद्रे बिघडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. ग्राउट भरताना तो मोजून न सोडल्यास केसिंगमध्ये वर चढतो आणि पाय वरच्या थराशी जोडला जातो. म्हणून ग्राउट नळीने तळातून वर भरा, नळीचे तोंड कायम ग्राउटात बुडालेले ठेवा आणि आधी काढलेल्या घनफळाएवढाच सोडा. वरून ओतलेला ग्राउट मध्ये हवेच्या पोकळ्या ठेवतो. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आसपास ठेवा; पातळ केला तर तो जास्त आकसतो आणि भिंत सोडतो. घट्ट झाल्यावर फटीत बारीक सळई सोडा. ती ठरलेल्या खोलीआधीच अडली तर तो पाय मोकळा नाही, आणि ही गोष्ट अँटेना चढवण्यापूर्वी कळणे फार मोलाचे आहे. शेवटी केसिंगचे तोंड टोपीने बंद करा, नाहीतर फट गाळाने भरते; थंड प्रदेशात तिथे साचलेले पाणी गोठून पायालाच ढकलते.

वेल्डिंग समोरासमोरच्या पायांवर आळीपाळीने, थोडे थोडे करा. एका बाजूला सलग वेल्ड केल्यास सांगाडा त्या बाजूला ओढला जातो.

खडक उघडा असेल आणि तो खरोखर खडक आहे याची खात्री असेल तर दीड-दोन मीटर खोलीची छोटी आवृत्ती पुरते. काँक्रीटच्या खांबाची बाजू घेणारे अनेक आहेत, पण त्याचा हिशेब पाहा. दीड मीटर उंच, ३० सेंमी जाड खांबाची उन्हातली बाजू सावलीतल्या बाजूपेक्षा ५ अंशांनी तापली तर माथा सुमारे ०.२ मिमी झुकतो, तोही रोज. २ मीटर काँक्रीट २० अंशांच्या फरकाने ०.४ मिमी लांबते. खांबच हवा असेल तर बुटका ठेवा आणि त्याच्याभोवती हवेची फट सोडून सावली देणारे आवरण घाला.

५. पाण्याची व्यवस्था करा, पण एकदाच

पायाभोवती पाणी साचू नये एवढा उतार आणि चर पहिल्याच दिवशी काढा. वाहते पाणी १० मीटर तरी दूर न्या. त्यानंतर काही बदलू नका. नवे डांबरीकरण, नवी पाइपलाइन, शेजारी लावलेली झाडे यांतली प्रत्येक गोष्ट मातीतल्या पाण्याचा समतोल बदलते, आणि पुढची काही वर्षे आलेखात एक खोटी संथ हालचाल दिसत राहते. बदल टाळता आला नाही तर त्याची तारीख नोंदवहीत असलीच पाहिजे.

६. सोबतच्या नोंदी सुरू करा

पर्जन्यमापक, हवेचा दाब, ०.१, ०.५, १ आणि ३ मीटर खोलीवरचे तापमान, दोन खोलींवर मातीतला ओलावा आणि एका बोअरमधली भूजलपातळी. ही यादी मोठी वाटेल, पण ही साधने मुख्य उपकरणाच्या तुलनेत स्वस्त असतात आणि त्यांच्याविना पुढची पायरी आंधळी होते. घड्याळ सर्वांचे एकच ठेवा.

७. पंधरा-वीस मीटरवर दुसरा बिंदू रोवा

एकच काम जास्तीचे करता येणार असेल तर हे करा. मुख्य बिंदूपासून १० ते ३० मीटरवर तसाच दुसरा बिंदू बांधा आणि दोघांमधले अंतर व उंचीचा फरक मोजत राहा. इतक्या जवळ उपग्रहांच्या कक्षा आणि वातावरण यांच्या चुका दोघांनाही सारख्याच येतात आणि वजाबाकीत निघून जातात. कवचाची खरी हालचालही दोघांना सारखीच असते, तीही जाते. उरते ते प्रामुख्याने दोन पायांचे आपसातले हलणे. अचूक लेव्हलिंगने हाच उंचीचा फरक ०.१ मिमीपर्यंत पडताळता येतो. ओल्या ऋतूच्या शेवटी एकदा आणि कोरड्या ऋतूच्या शेवटी एकदा मोजले तरी चालते.

८. आकडे वाचायला शिका

पहिले काही महिने, शक्यतो एक पूर्ण ओला-कोरडा फेरा, निष्कर्षांतून बाजूला ठेवा. ग्राउट आकसत असतो, बोअरमुळे सैल झालेला खडक बसत असतो.

तापमानाचा परिणाम ओळखणे सर्वांत सोपे, कारण तो वेळ पाळतो. खडकाच्या वरच्या थराच्या प्रसरणाने पृष्ठभाग वर्षात सुमारे ०.२ ते ०.३ मिमी इतक्या आयामाने वरखाली होतो. मोजलेला आयाम याच्या कितीतरी पट असेल तर कारण तापमानाच्या पलीकडे शोधा. भरतीच्या विश्लेषणात १२.४२ तासांचा चंद्राचा घटक आणि २५.८२ तासांचा घटक यांवर भरवसा ठेवा. नेमक्या १२ आणि २४ तासांचे घटक उन्हाने दूषित झालेले असतात. पहिल्या दोघांची मूल्ये सिद्धान्ताशी जुळत नसतील तर उपकरण खडकाला नीट जोडलेले नाही.

पाऊस जास्त अवघड, कारण तो एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना ढकलतो. चिकणमाती फुगते आणि बिंदू वर जातो. पाण्याचे वजन मोठ्या परिसराला खाली दाबते. भेगेत दाब वाढला की खडकाचे दोन भाग भेगेला काटकोनात दूर सरतात, आणि टिल्टमीटरला कायम एकाच दिशेचा झोका दिसतो. तिघांना वेगळे करायचे तर वेळ आणि विस्तार पाहा. वजनाचा परिणाम कित्येक किलोमीटरवरच्या शेजारी केंद्रांतही सारखाच दिसतो. भेगेचा झोका मोठ्या सरीनंतर काही तासांत किंवा दिवसांत येतो, त्याची दिशा ठरलेली असते आणि तो हळूहळू ओसरतो. चिकणमातीची फुगवण आठवडे घेते आणि वीस मीटरवरच्या दुसऱ्या बिंदूतसुद्धा वेगळी असते. जीएनएसएसमध्ये आणखी एक भास असतो: ओली जमीन संदेश वेगळ्या प्रकारे परावर्तित करते, त्यामुळे बुटक्या अँटेनाची उंची काहीही न हलता बदललेली दिसते.

उताराचे सरकणे मात्र कोणत्याही ऋतूला जुळत नाही. ते वर्षानुवर्षे एका दिशेने, जवळपास एकाच वेगाने चालते आणि भूपट्टाच्या हालचालीसारखेच दिसते. दिशा उताराच्या दिशेशी जुळते का, एवढीच खूण हाती असते. म्हणूनच दुसऱ्या पायरीत कड टाळायला सांगितले.

आणि मग उरते ती भटकंती. पाया कधी इकडे, कधी तिकडे थोडा थोडा सरकत जातो आणि मूळ जागी परतत नाही. गणितात याला रँडम वॉक म्हणतात. याचे मोजमाप मिमी प्रति वर्गमूळ वर्ष असे देतात, आणि विदारित जमिनीतल्या साध्या पायांसाठी १ ही नेहमी आढळणारी पातळी आहे. आता हिशेब करा. रोजची एक नोंद, प्रत्येकीत २ मिमी चूक, कालावधी चार वर्षे. सगळी चूक स्वतंत्र धरली तर वेगातली अनिश्चितता वर्षाला ०.०५ मिमी येते, आणि सॉफ्टवेअर तोच आकडा छापते. भटकंती १ धरली तर ती वर्षाला ०.५ मिमी होते, म्हणजे दहापट. नोंदी वाढवून ती कमी होत नाही, फक्त कालावधीच्या वर्गमुळाने घटते: सोळा वर्षांनी ०.२५. अहवालात वेग देताना चुकांसाठी कोणते प्रारूप धरले ते लिहिलेच पाहिजे. अडीच वर्षांपेक्षा लहान मालिकेतून वेग काढायचा मोह तर टाळाच, कारण तिच्यात ऋतुचक्र आणि वेग एकमेकांत मिसळतात.

उपग्रहाच्या रडार प्रतिमांतून हालचाल काढणाऱ्यांनाही यातून सूट नाही. ५.६ सेंमी लहरीच्या रडारमध्ये प्रतिमेतला एक पूर्ण रंगपट्टा म्हणजे २.८ सेंमी हालचाल. रडार अगदी वरचा थरच पाहते, आणि त्यातला ओलावा बदलला तरी परतणाऱ्या लहरीची कला (फेज) बदलते. तेव्हा कोरड्या ऋतूची प्रतिमा कोरड्या ऋतूच्याच प्रतिमेशी जोडा आणि मोकळ्या शेतापेक्षा खडकात रोवलेल्या कोपरा-परावर्तकावर (रडारचा संदेश सरळ परत पाठवणाऱ्या धातूच्या कोपऱ्यावर) विश्वास ठेवा.

९. सगळीकडे मुरूमच असेल तर

कधी कधी तीस मीटरपर्यंत ताजा खडक लागतच नाही. अशा वेळी एकाच जागी २, १० आणि २५ मीटरवर रोवलेले तीन स्वतंत्र दांडे बसवा, प्रत्येक आपापल्या केसिंगमध्ये मोकळा. त्यांच्या माथ्यांमधला फरक थेट विदारित थराची उभी हालचाल सांगतो आणि मुख्य नोंदीतून ती वजा करता येते. दांडे स्वतः तापून लांबतात, म्हणून शक्य तिथे इन्वार ही लोह-निकेलची मिश्रधातू वापरा. तिचे प्रसरण पोलादाच्या दहाव्या हिश्श्याएवढे असते. तेवढा खर्च झेपत नसेल तर पन्नासेक मीटरवर तीन-चार साधे बिंदू रोवून त्यांची सरासरी घ्या. भटकंती परस्परांशी जुळलेली नसेल तर चार बिंदूंची सरासरी तिला निम्मे करते.

जुना पाया बदलायचा झाला तर नवा बिंदू सुरू झाल्यावर जुना निदान एक पूर्ण वर्ष चालू ठेवा आणि दोन्हींमधला फरक ऋतूगणिक मोजा. त्या वर्षाचा कोअर, ग्राउटचे घनफळ, सळईने मोजलेली फटीची खोली आणि केसिंगची छायाचित्रे केंद्राच्या फाइलमध्ये एकत्र असू द्या.